हनुवटीमावशी आणि किल्लीवाल्यांचं कार्ड

आमच्या रस्त्यावर दारूचं दुकान एकच आहे आणि तिथे कार्ड दाखवल्याशिवाय बाटली मिळत नाही. कुणालाच नाही. टक्कल पडलेल्यांना नाही, काठी टेकत आलेल्यांना नाही, आणि एकदा तर खुद्द मालकांनाही मिळाली नव्हती, कारण त्यांचं पाकीट दुसऱ्या पँटच्या खिशात राहिलं होतं. ते घरी जाऊन पाकीट घेऊन आले. मध्ये पाऊण तास गेला. मी समोरच झेरॉक्सचं दुकान चालवतो, त्यामुळे हे सगळं मला बसल्या जागेवरून दिसतं.

काउंटरवर मावशी बसतात. त्यांचं पूर्ण नाव 'हनुवटीमावशी'. हे नाव दारूच्या दुकानात पडलेलं नाही. त्याआधी सव्वीस वर्षं रस्त्याच्या टोकाला त्यांचा आणि काकांचा फोटो स्टुडिओ होता. काका फोटो काढायचे. बाकीचं सगळं मावशी. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवणं, कॉलर सरळ करणं, केस कानामागे घेणं आणि मग दोन पावलं मागे जाऊन म्हणणं, "हनुवटी खाली." गिऱ्हाईक हनुवटी खाली घ्यायचं. "एवढी नाही." गिऱ्हाईक थोडी वर घ्यायचं. "हं. आता हलू नका." मग काका बटण दाबायचे. फोटो आला की रात्री जेवणं उरकल्यावर मावशी त्याच्यावर बसायच्या. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांचे मुरूम, डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि दाढी करताना झालेले काप मावशींनी पुसलेत. माझेही पुसलेत.

पुढे लोकांच्या हातात मोबाईल आले आणि सरकारी कचेऱ्या खिडकीवरच फोटो काढायला लागल्या. स्टुडिओ एका मंगळवारी बंद झाला. पाटी तशीच राहिली, कारण ती काढायला शिडी लागली असती. काका घरी बसले. वाचणं नाही, टीव्ही नाही, नुसते बसले. मावशींनी पंधरा दिवस ते बघितलं आणि मग काम शोधायला बाहेर पडल्या.

त्याच सुमाराला दारूच्या दुकानावर संकट आलं होतं. काउंटरवरच्या माणसाने एका एकोणीस वर्षांच्या पोराला बिअर विकली. आमच्याकडे कायद्याने एकवीस पूर्ण लागतात. पोराला दाढी होती आणि काउंटरवरच्या माणसाने दाढीवर विश्वास ठेवला. परवाना खात्याने दुकान तीन आठवडे बंद ठेवलं आणि उघडताना अट घातली : वर्षभर प्रत्येक गिऱ्हाइकाचं ओळखपत्र मशीनमध्ये तपासायचं, आणि ते त्याच माणसाचं आहे याची खात्री करायची. अपवाद नाही. मालकांनी तो कागद काउंटरमागे चिकटवला आणि 'प्रत्येक' हा शब्द अक्षरशः पाळील असा माणूस शोधायला लागले. त्यांना आठवलं की त्यांच्या स्वतःच्या कार्डावरच्या फोटोसाठी एका बाईने त्यांची हनुवटी चार वेळा खालीवर करायला लावली होती.

मावशींनी नोकरी धरली तेव्हा त्यांची नणंद घरी आली. "दारूच्या दुकानात? आपल्या घरातली बाई?"

"पीत नाहीये मी," मावशी म्हणाल्या. "कार्डं बघतेय."

नणंदबाईंनी त्या दिवसापासून दोन महिने येणं बंद केलं. त्या दोन महिन्यांबद्दल मावशी आजही मोठ्या समाधानाने बोलतात.

काका एवढंच म्हणाले, "बसायला खुर्ची आहे का?"

"स्टूल आहे."

"मग पाठीला उशी ने."

कामाची मावशींची पद्धत पहिल्याच आठवड्यात ठरून गेली. कार्ड खरं आहे का आणि तारीख काय, हे मशीन सांगतं. ते आणणाऱ्याचंच आहे का, हे मावशी सांगतात. चेहऱ्याकडे त्या फारसं बघत नाहीत. मी एकदा कारण विचारलं.

"चेहऱ्यावर मीच सव्वीस वर्षं हात फिरवलाय," त्या म्हणाल्या. "त्याचं काय खरं मानायचं? कान बघावेत. कानांना कुणी हात लावत नाही."

एकदा एक मुलगी कार्ड घेऊन आली. मशीनने हिरवा दिवा दाखवला. मावशींनी कार्ड बघितलं, मुलीचे केस कानामागे असते तर काय दिसलं असतं याचा अंदाज घेतला आणि कार्ड परत दिलं. "ही तुझी मोठी बहीण. फोटोच्या दिवशी तिला सर्दी होती, तीनदा काढावा लागला. तिला सांग, कार्ड असं पडलेलं ठेवू नये." मुलगी कार्ड घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मोठी बहीण आली, मावशींना नमस्कार केला आणि स्वतःसाठी वाइन घेऊन गेली. तिचे कान बरोबर होते.

आता किल्लीवाले.

दारूच्या दुकानापासून चार दुकानं सोडून फुटपाथवर एक लोखंडी पेटी आणि तिच्यामागे किल्लीवाले, असं दृश्य मी लहानपणापासून बघतोय. पन्नास वर्षं त्यांनी या भागातली कुलपं बसवली, काढली, दुरुस्त केली. दार आपोआप ओढलं गेलं आणि किल्ली आत राहिली, की लोक त्यांना बोलवायला धावत जातात. त्यांना येत नाही असं कुलूप नाही. प्रत्येक घरात त्यांना चहा मिळतो आणि कपाटासमोर एकटं सोडून लोक आत निघून जातात. दर शनिवारी दुपारी पेटी बंद करायची, रमची एक चपटी घ्यायची आणि घरी जायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम.

मावशींच्या पहिल्या शनिवारी ते आले आणि नेहमीसारखा हात पुढे केला.

"कार्ड?" मावशी म्हणाल्या.

"कसलं?"

"ओळखीचं. वय लिहिलेलं."

"मावशी, तुम्ही मला ओळखत नाही?"

"ओळखते की. कार्ड द्या."

"ह्या दुकानाच्या शटरचं कुलूप मी बसवलंय."

"छान बसवलंय. कार्ड?"

किल्लीवाले रिकाम्या हाताने गेले. पुढच्या शनिवारी ते वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या लग्नाचा फोटो घेऊन आले. मावशींनी तो मन लावून बघितला. "उजेड एकाच बाजूने घेतलाय," त्या म्हणाल्या. "कुणी काढला? चांगला काढलाय. पण तारीख नाही ह्यावर."

तिसऱ्या शनिवारी ते मुलाला घेऊन आले. मुलगा बसवर ड्रायव्हर आहे, ड्युटी संपवून गणवेशातच आला होता. किल्लीवाल्यांनी त्याला काउंटरसमोर उभं केलं. "हा माझा मुलगा. ह्याचं कार्ड बघा. बेचाळीस वर्षांचा आहे. आता तुम्हीच हिशोब करा, मी एकवीसच्या वर असेन की नाही."

मावशींनी मुलाचं कार्ड मशीनमध्ये घातलं. "बेचाळीस," त्या म्हणाल्या. "ह्यांचं कार्ड आहे. तुमचं नाही."

"मग मी घेतो ना एक चपटी," मुलगा म्हणाला.

"कुणासाठी?"

"बाबांसाठी."

"मग नाही."

"बरं, माझ्यासाठी द्या."

"आत्ता तर सांगितलंत कुणासाठी ते."

रांगेतून कुणीतरी हसलं. मालक आतून बाहेर आले. "मावशी, अहो, आजोबा आहेत ते. सत्तरीचे."

"असतील. कागदावर 'प्रत्येक' लिहिलंय. तुम्ही तो शब्द खोडा, मी लगेच देते."

मालकांनी कागदाकडे बघितलं. तीन आठवडे बंद राहिलेलं शटर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असणार. ते परत आत गेले.

रस्त्यावर मावशींच्या नावाने बोटं मोडणं सुरू झालं. बाईला डोक्यावर बसवलं, असं मालकांना तोंडावर सांगण्यात आलं. काही गिऱ्हाइकं चौकापलीकडच्या दुकानात जायला लागली. मालकांनी दबकत सुचवलं, की मावशींनी आत खोकी लावण्याचं काम बघितलं तर बरं. मावशी म्हणाल्या, "बघते. पण मशीन माझ्याबरोबर आत येईल. त्या कागदाखाली तुम्ही माझी सही घेतलीये." विषय तिथेच राहिला.

चौथ्या शनिवारी किल्लीवाले एकटे आले. या वेळी त्यांच्याकडे खरोखर एक सरकारी कागद होता, चार घड्या पडलेला. "घ्या," ते म्हणाले. "ह्याच्यावर वय लिहिलंय. शिक्कासुद्धा आहे."

त्यांनी कागद उलटा धरला होता. मावशींनी तो सुलटा केला आणि वाचला. मग परत एकदा वाचला. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी होती ती, चौदा महिन्यांपूर्वीची. वय : अंदाजे सत्तर. खाली लिहिलं होतं : दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रिया आवश्यक, येताना ओळखपत्र आणणे.

"अंदाजे चालत नाही," मावशी म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दिसत नाही कधीपासून?"

"कुणाला?"

"तुम्हाला."

"किल्लीला डोळे लागत नाहीत. बोटांना कळतं."

"आणि रस्ता ओलांडताना?"

किल्लीवाल्यांनी कागद परत घ्यायला हात पुढे केला. मागे रांगेत चार जण होते, ते पुढे सरकून ऐकायला लागले.

"मुलाला माहितीये?"

"त्याला कशाला? त्याची ड्युटी असते."

"मग दवाखान्यात परत का नाही गेलात?"

"तेही कार्डच मागतात," किल्लीवाले म्हणाले.

मावशी स्टुलावरून उतरल्या. मालकांना म्हणाल्या, "जरा बसा इथे." मालक बसले. त्यांना मशीन चालवता येत नव्हतं, त्यामुळे पुढचा अर्धा तास दुकानातून एकही बाटली गेली नाही. मावशींनी किल्लीवाल्यांचा दंड धरला, दोन्ही बाजूंना बघून रस्ता ओलांडला आणि त्यांना माझ्या दुकानात आणून बसवलं.

"कार्डाचा फॉर्म आहे ना तुझ्याकडे?"

माझ्याकडे सगळे फॉर्म असतात.

खूप पुढे एकदा मावशी मला म्हणाल्या, "चार शनिवार तो माणूस माझ्यापुढे उभा होता. लग्नाचा फोटो देताना त्याने हात काउंटरच्या कडेला लावून अंदाज घेतला होता, ते मी बघितलं होतं. पण मी कान बघत बसले." एवढंच बोलल्या आणि विषय बदलला. पण त्या दिवशी फॉर्म भरताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा कडक होता, तो कशामुळे ते मला त्या बोलण्यानंतर कळलं.

फॉर्म भरणं सोपं नव्हतं. शाळा : नाही. बँक : नाही. घर : आधी बायकोच्या नावावर, ती गेल्यावर मुलाच्या. जन्म : दगडाच्या खाणीवर, आईबाप तिथे कामाला होते. तारीख : आई म्हणायची, खाणीतलं इंजिन उलटलं त्या साली.

"एवढ्या वर्षांत तुमच्याकडे कुणीच काही मागितलं नाही?" मी विचारलं.

"लोक घराबाहेर अडकलेले असतात," किल्लीवाले म्हणाले. "त्यांना घाई असते."

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबांचं कार्ड? असेल की कपाटात." मग थोडं थांबून, "नाहीये?" मग डोळ्यांचं सांगितलं. पलीकडे बसचं इंजिन बंद झालं.

फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं, की जन्माचा दाखला नसेल तर अर्जदारापेक्षा निदान पाच वर्षांनी मोठ्या, जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या व्यक्तीचं प्रतिज्ञापत्र जोडावं.

"असं कोण आहे?" मावशींनी विचारलं.

"कुणी नाही."

"कुणीच?"

"बहीण आहे. पण ती नाही."

हळूहळू बाहेर आलं. बहीण आठ वर्षांनी मोठी, बसने दोन तासांवर राहते. एकोणीस वर्षं बोलणं नाही. आई गेली तेव्हा तिची ट्रंक बंद होती आणि किल्ली बहिणीकडे होती. बहीण किल्ली घेऊन निघाली होती. ती पोचायच्या आत किल्लीवाल्यांनी ट्रंक उघडली.

"का उघडलीत?"

"बंद होती," किल्लीवाले म्हणाले.

बहिणीकडे जायचं मावशींच्या सुट्टीच्या दिवशी ठरलं. त्याआधी फोटो हवा होता, कारण या फॉर्मवर तो अजून चिकटवावाच लागायचा. मावशींनी घरी जाऊन काकांना सांगितलं, "एक फोटो काढायचाय." काका म्हणाले, "कॅमेऱ्याची बॅटरी मेलीये." संध्याकाळी बघितलं तर बॅटरी चार्ज होत होती आणि काका भिंग पुसत बसले होते. स्टुडिओचं कुलूप गंजून घट्ट झालं होतं. ते किल्लीवाल्यांनीच उघडलं. बोटांनी चाचपून, दोन मिनिटांत.

आत स्टूल होतं, दिवे विकून झाले होते. दाराच्या उजेडात पांढरी चादर टांगली. मावशींनी किल्लीवाल्यांना बसवलं, कॉलर सरळ केली, दोन पावलं मागे गेल्या आणि म्हणाल्या, "हनुवटी खाली." किल्लीवाल्यांनी ती नेमकी हवी तेवढी खाली घेतली. मावशींना पुढे काही बोलायला राहिलंच नाही. असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं.

"इकडे बघा," काका म्हणाले.

"बघतोच आहे."

ते काकांच्या डावीकडे, रिकाम्या भिंतीकडे बघत होते. काका स्वतःच दोन पावलं डावीकडे सरकले आणि तिथून फोटो काढला. मावशींनी त्या फोटोतली एक रेघही पुसली नाही.

बहिणीकडे आम्ही तिघं गेलो. मला नेलं कारण अंगठ्यासाठी शाईचा पॅड माझ्याकडे होता. बसमध्ये किल्लीवाले खिडकीशी बसले आणि दोन तास बाहेर बघत राहिले. त्यांना काय दिसत होतं, कोण जाणे. उतरल्यावर म्हणाले, "घरी नसेल ती. परत जाऊ."

बहीण घरी होती. जन्मभर शिंप्यांसाठी काजं-बटणं करून देणारी, ताठ पाठीची बाई. दारात उभी राहून तिने भावाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कोण?"

"मी. तुझा भाऊ."

"माझा भाऊ दार वाजवत नाही," बहीण म्हणाली. "तो कुलूप काढून आत येतो."

मावशी पुढे झाल्या. "आम्ही आत आलो तर चालेल का? एक सही हवीये. तुमचं कार्ड असलं तर काढून ठेवा, आधी ते बघावं लागेल."

असं कुणी दारात येऊन बोलेल याची बहिणीला अपेक्षा नसावी. ती बाजूला झाली.

तिने कार्ड आणलं. मावशींनी ते उजेडात धरलं, बाईंचे कान बघितले, मान हलवली. "तुम्हीच आहात. फोटो कुठे काढलात? हनुवटी फार वर गेलीये." बहिणीने चहा ठेवला. मी फॉर्म वाचून दाखवला. जन्माची तारीख आली तेव्हा किल्लीवाले म्हणाले, "एकाहत्तर वर्षं झाली. इंजिन उलटलं त्या साली."

"काही नाही," बहीण आतून म्हणाली. "इंजिन उलटलं तेव्हा तू नव्हतास. तेव्हा आईला एक मुलगा झाला होता, तो राहिला नाही. तू नंतरचा. चार वर्षांनी."

"तुला काय माहीत?"

"सुईणीला बोलवायला मी धावले होते. मी आठ वर्षांची. त्याच आठवड्यात मला आयुष्यातल्या पहिल्या चपला मिळाल्या होत्या. त्यातली एक त्या खडीत गेली, ती पुन्हा सापडली नाही. तू आलास म्हणून कुणी माझ्या चपलेचं नावसुद्धा काढलं नाही." तिने महिना सांगितला, तारीख सांगितली, पहाट होती हेही सांगितलं.

किल्लीवाले बोटांवर काहीतरी मोजत होते. "म्हणजे मी सदुसष्ट?"

"सदुसष्ट."

"मग चार वर्षं मी उगाच म्हातारा होतो," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

बहिणीने चहाचे कप आणून स्टुलावर ठेवले. किल्लीवाल्यांनी हात पुढे केला तो कपाच्या वीतभर पलीकडे गेला, मग मागे आला, मग स्टुलाच्या कडेवरून सरकत सरकत कपाकडे निघाला. बहीण ते बघत उभी होती. तिने कप उचलला, त्यांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट मिटवली.

"केव्हापासून?"

"झालं असेल वर्ष, दोन वर्षं."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस."

"कुणाला सांगणार?"

बहिणीने फॉर्म पुढे ओढला, पण लगेच सही केली नाही. "त्या दिवशी मी दोन तासांत पोचणार होते."

"हो."

"ट्रंकेत काय होतं? एक पांघरूण, एक पितळी डबा."

"आणि साबणाची वडी," किल्लीवाले म्हणाले. "थांबायला हवं होतं मी. मला वाटलं, आत आईचा वास असेल, तो जायच्या आत उघडावी."

बहिणीने चष्मा लावला. "होता का?"

"साबणाचा होता."

तिने सही केली. तिचं अक्षर फार सुरेख होतं. किल्लीवाल्यांनी अंगठा दिला. निघताना ती त्यांना नाही, मावशींना म्हणाली, "डोळ्यांचं ठरलं की मला कळवा. ह्याच्यावर सोडू नका."

अर्ज कचेरीत गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. जन्मस्थळ चुकीचं होतं. मावशी आणि मी खिडकीवर गेलो. कारकून सज्जन होता. त्याने कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे फिरवून दाखवला. यादीत ती खाण नव्हती.

"खाण कधीच बंद झाली," मावशी म्हणाल्या. "पाणी भरलं. आता तिथे तलाव आहे."

कारकुनाने शोधलं. "तलाव आहे यादीत."

"मग तलाव लिहा."

त्याने तलाव लिहिला. अशा रीतीने कागदोपत्री किल्लीवाले तलावात जन्मले, आणि बाराव्या दिवशी कार्ड आलं.

शनिवारी दुपारी ते काउंटरवर आले. मावशींनी कार्ड मशीनमध्ये घातलं, हिरवा दिवा लागला, मग कार्डावरचा फोटो आणि समोरचे कान दोन्ही नीट बघितले. जराही घाई केली नाही. रांगेतले लोक माना लांब करून बघत होते. "बरोबर आहे," मावशी म्हणाल्या आणि चपटी ठेवली. मालकांनी आतून टाळ्या वाजवल्या. मावशींनी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते थांबले.

दवाखान्याने दीड महिन्याच्या अंतराने दोन्ही डोळे केले. मुलाने नोकरीत पहिल्यांदा सलग आठ दिवस रजा घेतली. बहीण तीन दिवसांसाठी आली आणि तीन आठवडे राहिली. डोळ्यांत थेंब घालताना दोघं इतकी भांडायची, की शेजारच्यांनी दोनदा येऊन दार वाजवलं.

परवाना खात्याची अट वर्षाने उठली, पण मावशींनी कार्ड मागणं सोडलं नाही. तोवर काउंटरवर त्यांनी एक चिठ्ठीही लावली होती : घरात कार्ड नसलेलं वडीलधारं माणूस असल्यास इथे सांगावं. मालकांना वाटलं, दारूच्या दुकानात असली चिठ्ठी कोण वाचणार. आजवर अकरा जणांची कार्डं झाली. जे स्टुडिओपर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी काका पांढरी चादर आणि कॅमेरा घेऊन जातात. अकरांतल्या एक म्हणजे मावशींच्या नणंदेच्या सासूबाई, वय त्र्याण्णव. त्यासाठी नणंदबाई पदर सावरत दुकानात आल्या आणि थेट काउंटरशी जाऊन कुजबुजायला लागल्या. मावशींनी त्यांना रांगेत यायला सांगितलं.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर किल्लीवाले पेटीवर परतले, पण पहिला आठवडा त्यांनी एकही नवं काम घेतलं नाही. न दिसण्याच्या काळात आपण केलेली एक किल्ली कुणीतरी त्यांना सहज दाखवली होती. ती त्यांनी दोनदा उजेडात धरून बघितली होती. मग कानस घेऊन ते घरोघर निघाले. "जरा किल्ली बघू," असं म्हणायचे, उजेडात धरायचे आणि पायरीवर बसून घासायला लागायचे. माझ्याकडेही आले.

"चालतेय की व्यवस्थित," मी म्हटलं.

"चालतेय. पण दात वाकडे आहेत."

नऊ घरं झाली, दोन दुकानं झाली. शेवटी ते स्टुडिओच्या पायरीवर जाऊन बसले, कारण गंजलेल्या कुलपाला नवीन किल्लीही त्यांनीच करून दिली होती. कानशीचा आवाज दारूच्या दुकानापर्यंत येत होता. मावशी काउंटर सोडून बाहेर आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. रांगेत तिघं होते. तिघांनी आपापली कार्डं हातात धरून ठेवली आणि वाट बघितली.